हजेरीपटावरची गैरहजेरी: इंग्लंडमधील कौन्सिल मुलांचे शिक्षण आणि सुरक्षितता यांवर लक्ष कसे ठेवते

भाचीच्या लग्नासाठी मुलांना घेऊन दोन आठवडे पुण्याला जाऊन आलेल्या आणि परतल्यावर दारात कौन्सिलचे दंडाचे पत्र पाहणाऱ्या मराठी पालकांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: मूल आमचे, बुडालेला अभ्यास आम्ही भरून काढू, मग यात नगरपालिकेचा संबंध काय? प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाच्या मनात नगरपालिका म्हणजे पाणी, रस्ते, कचरा आणि घरपट्टी. पालिकेच्या शाळा असतात खऱ्या, पण मूल आठ दिवस घरी राहिले म्हणून पालिकेचा माणूस विचारपूस करायला आला, असा अनुभव आपल्यापैकी फारच थोड्यांना असेल. इंग्लंडमध्ये मात्र शाळेतील गैरहजेरी ही शाळा आणि पालक यांच्यापुरती बाब राहत नाही, आणि ती का राहत नाही हे नीट पाहिले की त्या पत्रामागे असलेली एक फार मोठी व्यवस्था दिसू लागते. ज्या मुलांना घरी मारहाण होते, ज्यांचे आईवडील त्यांना सांभाळू शकत नाहीत, जी आजारामुळे किंवा भीतीमुळे शाळेपर्यंत पोहोचू शकत नाहीत, अशा मुलांपर्यंत वेळेत पोहोचता यावे म्हणून ही व्यवस्था उभी राहिली आहे. लग्नाला गेलेले कुटुंब तिच्या वाटेत जाता जाता येते, इतकेच.

‘कौन्सिल’ हा शब्द येथे त्या भागाचे स्थानिक प्राधिकरण या अर्थाने वापरला आहे. मुलांविषयीच्या सेवांची कायदेशीर जबाबदारी असलेली अशी 153 प्राधिकरणे इंग्लंडमध्ये आहेत. लंडनमध्ये राहणाऱ्यांसाठी ती त्यांची बरो असते, म्हणजे हॅरो, हाउन्स्लो किंवा ब्रेंट यांसारखी; जेथे काउंटीत दोन थर असतात तेथे कचरा उचलणारी डिस्ट्रिक्ट कौन्सिल वेगळी आणि मुलांची जबाबदारी असलेली काउंटी कौन्सिल वेगळी, म्हणून फोन करण्यापूर्वी आपल्या पत्त्यासाठी कोणती कौन्सिल हे पाहून घेतलेले बरे. शाळा कौन्सिलच्या अखत्यारीतील आहे की एखाद्या ट्रस्टने चालवलेली अकॅडमी आहे, याने या जबाबदारीत फरक पडत नाही, कारण ती शाळेच्या इमारतीशी बांधलेली नसून त्या हद्दीत राहणाऱ्या मुलाशी बांधलेली आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांचे कायदे निराळे आहेत. पुढील तपशील तेथे जसेच्या तसे लागू होत नाहीत.

प्रत्येक कौन्सिलमध्ये ‘डिरेक्टर ऑफ चिल्ड्रन्स सर्व्हिसेस’ हे पद असावेच लागते, आणि शिक्षण व मुलांची समाजसेवा, म्हणजे मुलांची काळजी व संरक्षण पाहणारे काम, हे दोन्ही विभाग त्या एका अधिकाऱ्याला उत्तरदायी असतात. हे पद 2004 च्या चिल्ड्रन ॲक्टने निर्माण केले, आणि त्या कायद्यामागे एका मुलीचा मृत्यू आहे.

व्हिक्टोरिया

व्हिक्टोरिया क्लिंबिए ही मूळची पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्टची. मुलीला चांगले शिक्षण मिळेल या आशेने आईवडिलांनी तिला वडिलांच्या आत्याबरोबर युरोपात पाठवले. ती आधी पॅरिसजवळ राहिली आणि एप्रिल 1999 मध्ये लंडनला आली. 25 फेब्रुवारी 2000 रोजी, अवघ्या आठ वर्षांची असताना, त्या आत्याने आणि तिच्या साथीदाराने केलेल्या छळामुळे ती मरण पावली. शवविच्छेदनात तिच्या अंगावर 128 जखमा आढळल्या. लॉर्ड लेमिंग यांनी केलेल्या चौकशीचा अहवाल जानेवारी 2003 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा चार कौन्सिलांचे समाजसेवा विभाग, दोन रुग्णालये आणि पोलिसांची बालसंरक्षण पथके यांच्यासमोर ती मुलगी कधी ना कधी येऊन गेली होती, हे साऱ्या देशाला कळले. प्रत्येकाकडे तिच्याविषयी थोडीथोडी माहिती होती, पण ती सगळी माहिती एकत्र ठेवून कोणीही पाहिली नाही. शिक्षण आणि समाजसेवा यांना एका अधिकाऱ्याखाली आणण्याचा आणि शाळा, पोलिस व आरोग्यसेवा यांना कौन्सिलबरोबर काम करण्याचे बंधन घालण्याचा निर्णय यातून झाला.

या अहवालातील एक बाब पुरेशी सांगितली जात नाही, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. फ्रान्समध्ये व्हिक्टोरियाचे नाव शाळेत घातलेले होते, आणि ती वारंवार गैरहजर राहते म्हणून तेथील शाळेने फेब्रुवारी 1999 मध्ये मूल धोक्यात असल्याची सूचना संबंधितांना दिली होती. इंग्लंडमधील दहा महिन्यांत ती एकाही शाळेत गेली नाही. डॉक्टर मुलाला दहा मिनिटे पाहतो, सोशल वर्कर महिन्यातून एकदोनदा पाहते. वर्गशिक्षिका मात्र त्याला रोज सहा तास पाहते, आणि काल हसणारे मूल आज गप्प का, खेळाच्या तासाला बाही वर करायला ते का कचरते, डबा नाही आणि भूक मात्र दोघांची आहे हे का, असे प्रश्न तिलाच सर्वांत आधी पडू शकतात. जे मूल शाळेतच नाही त्याला असे रोज पाहणारे कोणी मिळत नाही. हजेरी, शिक्षण आणि संरक्षण या तीन गोष्टी इंग्लंडच्या व्यवस्थेत एकमेकींपासून वेगळ्या का काढता येत नाहीत, याचे उत्तर येथे आहे.

हजेरी कशी मोजतात आणि त्यावरून काय होते

1996 च्या एज्युकेशन ॲक्टच्या सातव्या कलमानुसार मुलाला त्याच्या वयाला, कुवतीला आणि त्याच्या विशेष गरजांना साजेसे पूर्णवेळ शिक्षण मिळवून देणे हे पालकांचे कर्तव्य आहे, आणि ते शाळेत नियमित पाठवून किंवा अन्य मार्गाने पार पाडता येते. म्हणजे शिक्षण सक्तीचे आहे, शाळा सक्तीची नाही. घरी शिकवण्याची मुभा याच शब्दांतून मिळते. भारतात 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या नवव्या कलमानेही आपल्या हद्दीतील प्रत्येक मुलाचा शाळाप्रवेश, उपस्थिती आणि शिक्षणाची पूर्तता यांवर लक्ष ठेवण्याचे काम स्थानिक प्राधिकरणावरच टाकले आहे, आणि दहावे कलम मुलाला शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य मानते. पण ते न पाळल्यास पालकांना शिक्षा सांगितलेली नाही. इंग्लंडमध्ये ती आहे.

शाळेचा प्रत्येक दिवस दोन सत्रांचा धरला जातो आणि दोन्ही सत्रांना हजेरी होते. वर्षाचे 190 दिवस म्हणजे 380 सत्रे. यांपैकी 10 टक्के किंवा त्याहून अधिक सत्रे बुडाली, म्हणजे वर्षभरात 19 दिवस, तर ते मूल ‘पर्सिस्टंटली ॲब्सेंट’, अर्थात सातत्याने गैरहजर समजले जाते, आणि निम्मी किंवा अधिक बुडाली तर ‘सिव्हिअरली ॲब्सेंट’. या टक्क्यांत आजारपणाची मान्य गैरहजेरीही मोजली जाते, त्यामुळे शाळेचे पत्र आले म्हणजे आपल्यावर ठपका आला असे समजण्याचे कारण नाही. कोविडपूर्वीच्या 2018-19 या वर्षी सातत्याने गैरहजर मुलांचे प्रमाण 10.9 टक्के होते. 2021-22 मध्ये ते 22.5 टक्क्यांवर गेले आणि 2023-24 मध्येही 20 टक्के होते. पाच मुलांमागे एक मूल. निम्मी शाळा बुडवणारी मुले त्याच वर्षी 2.3 टक्के, म्हणजे सुमारे 1 लाख 71 हजार होती, आणि कौन्सिलच्या दृष्टीने खरी चिंता या मुलांची आहे.

ऑगस्ट 2024 पासून हजेरीविषयीची सरकारी मार्गदर्शिका शाळा आणि कौन्सिल यांना कायद्याने विचारात घ्यावीच लागते. तिच्यानुसार मूल न कळवता आले नाही तर शाळेने त्याच दिवशी घरी संपर्क साधायचा असतो. मुलाला सोशल वर्कर असेल तर तिलाही कळवायचे असते. कौन्सिलने हजेरीसाठी मदत करणारे पथक ठेवायचे, प्रत्येक शाळेला त्या पथकातील एक ठरावीक व्यक्ती नेमून द्यायची, आणि प्रत्येक टर्मला एकदा शाळेबरोबर बसून ज्यांची गैरहजेरी गंभीर आहे अशा मुलांविषयी चर्चा करायची, यासाठी शाळेकडून पैसे घ्यायचे नाहीत. या चर्चेतून बाहेर येणारी कारणे पाहिली की ‘मूल शाळा बुडवते’ हा शब्दप्रयोग किती अपुरा आहे ते कळते. बेघर झालेल्या कुटुंबाला कौन्सिलनेच शहराच्या दुसऱ्या टोकाला तात्पुरते घर दिलेले असते आणि दोन बस बदलून शाळा गाठणे आईला जमत नाही. दहा वर्षांची मुलगी अंथरुणाला खिळलेल्या आईचे औषधपाणी करून मगच बाहेर पडू शकते. एखाद्याला वर्गातली मुले छळत असतात, आणि एखाद्याला शाळेच्या फाटकापाशी पोहोचताच पोटात कळा येतात, त्या खोट्या नसतात. या प्रत्येक ठिकाणी उपाय वेगळा आहे, म्हणून मार्गदर्शिकेचा भर आधी ऐकून घेणे, मग मदत, आणि ती नाकारली गेली किंवा निष्फळ ठरली तरच कायदा, या क्रमावर आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. दहा शालेय आठवड्यांच्या कोणत्याही सलग काळात दहा सत्रे, म्हणजे पाच दिवस, विनापरवानगी बुडाली तर दंडाचा विचार व्हावा असे देशभरासाठी ठरले आहे. दंड प्रत्येक पालकाला आणि प्रत्येक मुलामागे होतो: 21 दिवसांत भरल्यास 80 पौंड, त्यानंतर 28 दिवसांपर्यंत 160 पौंड, त्याच मुलासाठी त्याच पालकाला तीन वर्षांत दुसऱ्यांदा झाला तर सरळ 160 पौंड, तिसऱ्यांदा दंडाचा पर्याय उरत नाही आणि प्रकरण न्यायालयात जाऊ शकते. दोन पालक आणि दोन मुले यांचे पुण्याचे लग्न अशा रीतीने किमान 320 पौंडांचे होते. जाणूनबुजून शाळा बुडू दिल्याचे सिद्ध झाल्यास न्यायालय 2,500 पौंडांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही देऊ शकते. ‘आमच्या मुलीची एरवीची हजेरी उत्तम आहे’ हा बचाव 2017 मध्ये आइल ऑफ वाइट येथील एका वडिलांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. नियमित हजेरी म्हणजे शाळेच्या नियमांनुसार हजेरी, असा अर्थ न्यायालयाने लावला. टर्मच्या काळात रजा केवळ अपवादात्मक कारणासाठी मिळते आणि अपवाद कोणता हे मुख्याध्यापक ठरवतात. दिवाळीच्या दिवसाचे तसे नाही: पालकांच्या धर्मात सण म्हणून ठरलेल्या दिवसाची रजा हजेरीपटावर निराळ्या खुणेने नोंदली जाते आणि ती विनापरवानगी गैरहजेरीत मोडत नाही, मात्र ती आधी कळवून घ्यावी.

दंड हा या व्यवस्थेचा सर्वांत जास्त दिसणारा आणि, माझ्या मते, सर्वांत कमी उपयोगाचा भाग आहे. 2023-24 मध्ये झालेल्या दंडांपैकी दहातले नऊ सुट्टीवर गेलेल्या कुटुंबांना झाले होते. घराबाहेर पडायलाच घाबरणारा मुलगा आईला 80 पौंड भरावे लागले म्हणून दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन बसत नाही.

काळजीचा शब्द शाळेतून कौन्सिलपर्यंत कसा जातो

प्रत्येक शाळेत ‘डेझिग्नेटेड सेफगार्डिंग लीड’ म्हणून नेमलेली एक वरिष्ठ व्यक्ती असते. मुलाच्या बोलण्यात, वागण्यात किंवा अंगावर काही चिंताजनक आढळले तर शिपायापासून मुख्याध्यापकापर्यंत प्रत्येकाने ते तिला कळवायचे असते, आणि ‘मी हे कोणालाही सांगणार नाही’ असे वचन मुलाला द्यायचे नसते. ती व्यक्ती गरज वाटल्यास कौन्सिलला कळवते. अनेक कौन्सिलांमध्ये अशा सूचना घेण्यासाठी सोशल वर्कर, पोलिस आणि आरोग्यसेवेचे लोक एकत्र बसतात, त्या कार्यालयाला ‘मॅश’ म्हणतात. व्हिक्टोरियाच्या वेळी विखुरलेली राहिलेली माहिती एका जागी यावी हा त्यामागचा विचार आहे. प्लिमथ येथे 2011 मध्ये सुरू झालेली ‘ऑपरेशन एन्कम्पस’ ही पद्धत याच विचारातली: रात्री एखाद्या घरी कौटुंबिक हिंसेसाठी पोलिसांना जावे लागले, तर सकाळी मूल शाळेत येण्यापूर्वी शाळेला ते कळवले जाते, म्हणजे गृहपाठ न केल्याबद्दल त्या दिवशी तरी कोणी त्या मुलाला रागावत नाही.

सूचना मिळाल्यावर पुढे काय करायचे हे कौन्सिलने कामकाजाच्या एका दिवसात ठरवायचे असते, आणि येथे 1989 च्या चिल्ड्रन ॲक्टमधील दोन कलमांतला फरक पालकांना माहीत असणे फार गरजेचे आहे. सतरावे कलम ‘गरजू मुला’विषयी आहे. कौन्सिलच्या मदतीशिवाय ज्याची वाढ किंवा आरोग्य नीट होण्याची शक्यता नाही असे मूल त्यात येते, आणि अपंगत्व असलेले प्रत्येक मूल व्याख्येनेच त्यात येते. येथे पालकांच्या संमतीने पाहणी होते आणि मदत दिली जाते. सत्तेचाळिसावे कलम मुलाला गंभीर इजा होत आहे किंवा होण्याची शक्यता आहे असा वाजवी संशय असेल तेव्हा लागू होते. तेव्हा चौकशी करणे कौन्सिलवर बंधनकारक असते आणि तिला पालकांची संमती लागत नाही. पाहणी जास्तीत जास्त 45 कामकाजी दिवसांत पुरी व्हायची असते. चौकशीत धोका खरा ठरला तर सर्व संबंधितांची बैठक बोलावली जाते, आईवडिलांनाही तेथे बोलावतात, आणि मुलासाठी संरक्षण आराखडा तयार होतो.

आपल्या लोकांत या सगळ्याविषयी एकच भीती असते: सोशल वर्कर आली की मुले उचलून नेते. तसा अधिकार सोशल वर्करला नाही. पालकांच्या मर्जीविरुद्ध मूल घराबाहेर ठेवायचे तर न्यायालयाचा आदेश लागतो. तातडीच्या धोक्यात पोलिस मुलाला ताब्यात घेऊ शकतात, पण 72 तासांपेक्षा जास्त नाही. ही भीती घातक अशासाठी आहे की तिच्यापायी मदत मागणे टळते. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली आणि मारहाण सोसणारी स्त्री बहुधा असे धरून चालते की आपल्या व्हिसावर ‘पब्लिक फंड्स नाहीत’, म्हणजे सरकारी भत्ते मिळणार नाहीत, असा शिक्का आहे, तेव्हा कौन्सिल दारातही उभे करणार नाही. सतराव्या कलमाखाली मुलासाठी मिळणारी मदत ‘पब्लिक फंड्स’च्या व्याख्येत मोडत नाही, आणि सरकारी शाळेतील शिक्षणही मोडत नाही. हे दोन मुद्दे प्रत्येक मराठी मंडळाच्या भिंतीवर लावावेत इतके महत्त्वाचे मला वाटतात. अशा बैठकीत मराठी दुभाषा मागता येतो. मुलालाच दुभाषा करून बसवणे चुकीचे आहे, आणि कौन्सिलने ते करू नये अशी अपेक्षा असते.

येथेच एक अप्रिय गोष्टही सांगितली पाहिजे. पट्टीने किंवा पट्ट्याने मारणे हा आपल्यापैकी अनेकांच्या बालपणाचा भाग होता आणि आपण त्याला शिस्त म्हणत आलो. स्कॉटलंडने 2020 मध्ये आणि वेल्सने 2022 मध्ये मुलांना मारण्याची मुभा पूर्णपणे काढून घेतली. इंग्लंडमध्येही अंगावर वळ उठेल किंवा इजा होईल असा मार हा गुन्हा ठरू शकतो. मूल वर्गात सहज ‘बाबांनी पट्ट्याने मारले’ असे म्हणाले तर शिक्षिकेला ते कळवावेच लागते, त्यात तिची मर्जी चालत नाही, आणि तिने आपल्यावर सूड उगवला असे समजून मुलाची शाळा बदलणे हा त्यावरचा सर्वांत वाईट उपाय आहे.

इमारत नसलेली शाळा

ज्यांना घरी ठेवणे शक्य नसते आणि ज्यांची जबाबदारी कौन्सिलकडे येते अशी 80 हजारांहून अधिक मुले इंग्लंडमध्ये आहेत. त्यांतील बहुतेक, त्यांना आपल्या घरी ठेवून सांभाळणाऱ्या दुसऱ्या कुटुंबांत राहतात, म्हणजे ज्यांना येथे फॉस्टर फॅमिली म्हणतात. कौन्सिल अशा मुलांची पालक समजली जाते, आणि चांगला पालक पहिल्यांदा काय विचारतो? आज शाळेत काय झाले? हा प्रश्न रोज विचारणारे कोणी असावे म्हणून ‘व्हर्च्युअल स्कूल’ आहे. नावावरून ती ऑनलाइन शाळा वाटते, पण तसे नाही. मुले आपापल्या नेहमीच्या शाळेत जातात. व्हर्च्युअल स्कूल हे कौन्सिलमधील शिक्षणतज्ज्ञांचे पथक असते, त्याला मुख्याध्यापक असतो, आणि त्याच्याकडे कौन्सिलच्या देखभालीतील सर्व मुलांचा एक वेगळा पट असतो, मग ती कोठेही शिकत असोत. लंडनच्या एखाद्या बरोने केंटमधील कुटुंबात ठेवलेल्या मुलाची जबाबदारी केंटकडे जात नाही, त्या बरोच्या व्हर्च्युअल स्कूलकडेच राहते. 2014 च्या चिल्ड्रन अँड फॅमिलीज ॲक्टने असा मुख्याध्यापक नेमणे प्रत्येक कौन्सिलला बंधनकारक केले.

प्रत्येक मुलासाठी ‘पर्सनल एज्युकेशन प्लॅन’ तयार होतो, त्याला सगळे ‘पेप’ म्हणतात. मूल देखभालीत आल्यापासून दहा कामकाजी दिवसांत त्याची सुरुवात व्हायला हवी आणि प्रत्येक टर्मला तो पुन्हा पाहिला गेला पाहिजे. या मुलांसाठी सरकार वेगळा निधी देते, 2024-25 मध्ये तो मुलामागे 2,570 पौंड होता, आणि तो शाळेच्या नव्हे तर व्हर्च्युअल मुख्याध्यापकाच्या हाती असतो, म्हणजे तो वाचनाच्या शिकवणीवर खर्च झाला की शाळेच्या सर्वसाधारण खर्चात मिसळून गेला, हे विचारणारा कोणीतरी असतो. प्रवेशाच्या यादीत या मुलांना पहिला क्रमांक द्यावा लागतो, जागा भरल्या आहेत असे शाळेला सहजासहजी म्हणता येत नाही, आणि प्रत्येक शाळेत त्यांच्यासाठी एक शिक्षक नेमलेला असतो. अकरावीच्या परीक्षा तोंडावर असताना, येथे अकरावी म्हणजे सोळाव्या वर्षीची जीसीएसई परीक्षा, मुलाचे घर बदलून त्याची शाळा मोडू नये अशीही दक्षता घ्यायची असते. ज्याने दोन वर्षांत चार घरे पाहिली त्याला शाळेतला ओळखीचा वर्ग आणि ओळखीच्या बाई हेच एक न बदललेले ठिकाण असू शकते, हे ज्याने कोणी ओळखले त्याने या मुलांचे मन जाणले होते.

सप्टेंबर 2021 पासून व्हर्च्युअल मुख्याध्यापकांनी ज्यांना सोशल वर्कर आहे पण जी आपल्याच घरी राहतात अशा मुलांच्या शिक्षणाकडेही एकंदरीने लक्ष द्यावे, असे ठरले, आणि सप्टेंबर 2024 पासून आजी, मामा, मोठी बहीण अशा नातलगांकडे राहणाऱ्या मुलांचाही त्यात समावेश झाला. ही दुसरी भर आपल्याला चटकन समजेल. आजोळी वाढणारी मुले आपल्याकडे घरोघर असत; ती सांभाळणाऱ्या आजीलाही शाळेच्या बाबतीत कोणाची तरी साथ लागते, हे कोणी अधिकृतपणे मानलेले मात्र फारसे ऐकिवात नव्हते.

शाळेत जाता न येणारी, आणि शाळेतून काढून घेतलेली मुले

आजारपणामुळे किंवा शाळेतून काढून टाकल्यामुळे ज्याचे शिक्षण थांबते त्याला पर्यायी शिक्षण देणे हे 1996 च्या कायद्याच्या एकोणिसाव्या कलमाने कौन्सिलवर बंधनकारक आहे. कायमचे काढून टाकलेल्या मुलासाठी सहाव्या शालेय दिवसापासून सोय व्हायला हवी, आणि आजाराने पंधरा किंवा अधिक दिवस जाणार हे स्पष्ट झाल्यावर कौन्सिलने विनाविलंब हालचाल करायची असते. चिंतेने घराबाहेर न पडू शकणारे मूलही यात येऊ शकते. स्वमग्नता किंवा शिकण्यातील अडचणी असलेल्या मुलासाठी पालक स्वतः कौन्सिलकडे शिक्षण, आरोग्य आणि देखभालीच्या आराखड्याची मागणी करू शकतात, शाळेने अर्ज करण्याची वाट पाहावी लागत नाही. अर्जापासून वीस आठवड्यांत आराखडा हाती यावा असे कायदा सांगतो. 2024 मध्ये निम्म्याहून कमी आराखडे या मुदतीत दिले गेले. कायद्यातली मुदत आणि कौन्सिलकडे असलेली माणसे व पैसा यांच्यातील ही दरी मोठी आहे आणि तिचा भार त्या मुलावरच पडतो, म्हणून पत्रव्यवहार लेखी ठेवावा, तारखा नोंदवाव्यात, आणि कौन्सिलकडे केलेल्या तक्रारीने काम झाले नाही तर स्थानिक प्रशासनासाठी असलेल्या ओम्बड्समनकडे, म्हणजे अशा तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे, विनामूल्य दाद मागावी.

मूल घरी शिकवण्यासाठी शाळेतून काढायचे असेल तर सर्वसाधारण शाळेच्या बाबतीत पालकांनी तसे लेखी कळवणे आजवर पुरेसे होते. बहुसंख्य पालक ते मुलाच्या भल्यासाठीच करतात. पण सरे परगण्यातील वोकिंग येथील दहा वर्षांच्या सारा शरीफच्या चेहऱ्यावरील खुणा पाहून शाळेने मार्च 2023 मध्ये कौन्सिलला कळवले, कौन्सिलने काही दिवसांत प्रकरण बंद केले, एप्रिलमध्ये वडिलांनी तिला घरी शिकवतो म्हणून शाळेतून काढले, आणि ऑगस्टमध्ये ती मृतावस्थेत सापडली. खुनाबद्दल वडील आणि सावत्र आई डिसेंबर 2024 मध्ये दोषी ठरले. त्याच महिन्यात संसदेत मांडलेल्या विधेयकात शाळेबाहेरील मुलांची नोंद प्रत्येक कौन्सिलने ठेवावी, आणि ज्या मुलाविषयी सत्तेचाळिसाव्या कलमाची चौकशी चालू आहे त्याला कौन्सिलच्या संमतीशिवाय शाळेतून काढता येऊ नये, अशा तरतुदी होत्या.

कायमचे भारतात परतणाऱ्या कुटुंबांशी या सगळ्याचा थेट संबंध येतो. शाळेला निघण्याची तारीख आणि मूल पुढे ज्या शाळेत जाणार तिचे नाव व गाव लेखी द्यावे. ती शाळा कोल्हापूरची असो वा मडगावची, तेवढ्यावर मुलाचे नाव पटावरून रीतसर काढले जाते आणि कौन्सिलला तसे कळवले जाते. काही न सांगता निघून गेल्यास शाळा लगेच नाव काढू शकत नाही. विनापरवानगी गैरहजेरीचे वीस शालेय दिवस उलटले आणि शाळा व कौन्सिल या दोघांनी मिळून शोध घेऊनही मूल कोठे आहे ते कळले नाही, तरच नाव काढता येते, आणि त्यानंतरही 1996 च्या कायद्यात मागाहून घातलेल्या 436अ या कलमानुसार शिक्षणाबाहेर राहिलेले मूल म्हणून त्याचा शोध चालू ठेवणे हे कौन्सिलचे काम उरते. तेव्हा अधिकारी रिकाम्या घराची बेल वाजवतात, शेजाऱ्यांना आणि प्रवेशअर्जावर आणीबाणीसाठी दिलेल्या नातलगांना विचारतात, दुसऱ्या कौन्सिलांकडे चौकशी करतात, आणि ते मूल कोठेतरी सुखरूप आहे व एखाद्या हजेरीपटावर त्याचे नाव आहे असे कळेपर्यंत त्याची फाइल उघडी राहते.